रेषा हाताची, गणित संगणकाचे

(एका वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



वाचनालयाच्या कार्यवाहांनी दूरध्वनीवरून व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी 'अ‍ॅनिमेशनपट' असे उत्तर दिले. पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग हळूच प्रश्न आला, "म्हणजे कार्टून का?" दासबोधापासून संरक्षण धोरणापर्यंत विषय ज्या व्याख्यानमालेने ऐकले, तिच्यात कार्टूनवर बोलायला कोणी उभे राहावे आणि तेही राजकीय वार्तांकनात केस पांढरे केलेल्या पत्रकाराने, हे त्यांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. माझी पदवी कला शाखेची आहे, एवढाच काय तो माझा या विषयाशी कागदोपत्री संबंध. आपल्याकडे कला शाखेत चित्रकला सोडून बाकी सर्व शिकवतात, हा भाग वेगळा!

विषय निवडण्याचे खरे कारण घरगुती आहे. माझ्या भाच्याचा हात लहानपणापासून चांगला. बारावीनंतर त्याने अ‍ॅनिमेशन शिकायचे ठरवले. बहिणीने आणि मेहुण्यांनी कर्ज काढून एका खासगी संस्थेचे शुल्क भरले. दोन वर्षे मुलगा वातानुकूलित खोलीत संगणकासमोर बसला. कोणत्या आज्ञेने गोल फिरतो, कोणत्या आज्ञेने प्रकाश पडतो, हे सर्व तो शिकला. प्रमाणपत्र मिळाले. मग एका स्टुडिओत मुलाखतीला गेला, तर तिथे संगणक सुरूच केला नाही. समोर कोरे कागद आणि पेन्सिल ठेवली आणि सांगितले, "एक वृद्ध बाई पाण्याने भरलेली कळशी उचलून कमरेवर घेते आहे. सहा चित्रांत दाखव." मुलाला ते जमले नाही. दोन वर्षांत त्याच्या हाती पेन्सिल कोणी दिलीच नव्हती. तो घरी आला आणि चार दिवस कोणाशी बोलला नाही.

त्या सहा चित्रांत काय होते, याचा शोध घेता घेता मी या विषयात शिरलो. हाताने काढलेले अ‍ॅनिमेशन श्रेष्ठ की संगणकाने केलेले, हा वाद जगात गेली तीस वर्षे चालू आहे. त्या वादातील काही गोष्टी आज आपल्यासमोर ठेवणार आहे.

प्रथम मूळ क्रिया समजून घेऊ. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी डोळ्यांसमोरून जातात. प्रत्येक चौकटीतील चित्र आधीच्याहून किंचित वेगळे असेल, तर डोळ्याला हालचाल दिसते. या तत्त्वाशी आपल्या भूमीचा संबंध फार जुना आहे. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले. चित्रपटासाठी भांडवल उभे करायचे तर सावकाराला काहीतरी दाखवायला हवे, म्हणून त्यांनी रोपाची वाढ दिवसेंदिवस एकेक चौकट टिपून चित्रित केली. पडद्यावर बीजाचे रोप होताना दिसले. पुढे १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. काड्या थोड्या थोड्या हलवायच्या आणि प्रत्येक वेळी एक चौकट घ्यायची. निर्जीव आगकाड्या पडद्यावर सजीव झाल्या. संगणकाच्या कितीतरी आधी केवळ हात, डोळा आणि संयम यांच्या बळावर हे झाले.

हाताच्या अ‍ॅनिमेशनची पद्धत अशी. प्रमुख कलावंत हालचालीतील महत्त्वाच्या अवस्था काढतो. कळशीचेच उदाहरण घ्या. बाई वाकली, कळशीच्या काठाला हात लागला, जोर लावला, कळशी कमरेवर आली. ही झाली प्रमुख चित्रे. त्यांच्या मधल्या अवस्था साहाय्यक कलावंत भरतो. मग रेषा स्वच्छ केली जाते, पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने उतरवली जाते, मागच्या बाजूने रंग भरला जातो आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीवर तो पत्रा ठेवून छायाचित्र घेतले जाते. या पारदर्शक पत्र्याला व्यवसायात 'सेल' म्हणतात. त्याची युक्ती १९१४ सालची. पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा काढावी लागू नये, म्हणून ती निघाली. खर्चाचा हिशेब या कलेच्या पाळण्यातच होता, हे यावरून ध्यानात यावे.

संगणकाच्या पद्धतीत पात्र चितारण्याऐवजी घडवले जाते. मूर्तिकार मूर्ती करतो, तशी पात्राची त्रिमिती आकृती संगणकात तयार होते. तिच्या आत सांध्यांचा सांगाडा बसवला जातो. कलावंत त्या सांगाड्याला प्रमुख अवस्था देतो आणि मधल्या अवस्था संगणक गणिताने भरतो. मग प्रकाश कोठून पडतो, कापड कसे चमकते, सावली किती गडद, याचे गणित होऊन अंतिम चित्र तयार होते. या शेवटच्या गणिताला इतका वेळ लागतो की, २००१ साली आलेल्या 'मॉन्स्टर्स, इंक.' चित्रपटातील एका केसाळ पात्राच्या अंगावर तेवीस लाख केस होते आणि त्याच्या एकेका चौकटीला कित्येक तास लागत. संगणक म्हणजे झटपट काम, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता मजा पाहा. दोन्ही पद्धतींत प्रमुख अवस्था माणूसच देतो. फरक पडतो तो मधल्या जागेत. संगणकाला नुसते सांगितले की, हात इथून तिथे गेला पाहिजे, तर तो यंत्राच्या दांड्यासारखा समान गतीने हात नेतो. माणसाचा हात तसा जात नाही. तो सुटताना मंद असतो, मध्ये वेग घेतो, थांबताना पुन्हा मंद होतो. जड वस्तू उचलण्यापूर्वी शरीर आधी खाली जाते, मग वर येते. त्या वृद्ध बाईच्या कळशीत पाणी आहे की ती रिकामी आहे, हे प्रेक्षकाला कळशीकडे पाहून कळत नाही. ते तिच्या पाठीकडे आणि दुसऱ्या, मोकळ्या हाताकडे पाहून कळते. भाच्याला विचारलेला प्रश्न हाच होता. तो चित्रकलेचा कमी आणि निरीक्षणाचा अधिक होता.

गतीचे हे नियम डिस्नेच्या स्टुडिओत १९३०च्या दशकात कलावंतांनी काढून काढून, खोडून खोडून शोधले. १९३७ साली 'स्नो व्हाइट' हा पूर्ण लांबीचा चित्रपट आला, तो या साधनेतून. त्या स्टुडिओतील फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन ज्येष्ठ कलावंतांनी १९८१ साली हे नियम ग्रंथरूपाने मांडले. आणि १९८७ साली जॉन लॅसेटर या तरुणाने एका निबंधात दाखवून दिले की, पेन्सिलीने शोधलेले हेच नियम संगणकालाही लागू पडतात. लॅसेटर हा तेव्हा पिक्सारचा दिग्दर्शक होता. २२ नोव्हेंबर १९९५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला 'टॉय स्टोरी', म्हणजे जगातला पहिला संपूर्ण संगणकीय अ‍ॅनिमेशनपट, त्याने केला. त्याचे स्वतःचे शिक्षण मात्र कागद-पेन्सिलीवर झालेले होते. संगणकयुगाचा पाया घालणारा माणूस हातानेच घडला होता, हे आमच्याकडच्या प्रशिक्षणसंस्थांच्या माहितीपत्रकांत कधी छापलेले दिसत नाही.

'टॉय स्टोरी'ची पात्रे खेळणी का होती, याचाही विचार करावा. त्या काळी संगणकाला प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत, चमकदार पृष्ठभाग चांगला जमत असे. त्वचा, केस, कापड जमत नसे. तेव्हा कथेचे नायकच प्लॅस्टिकचे घेतले! साधनाची मर्यादा ओळखून विषय निवडणे, याला मी प्रतिभा म्हणतो.

यंत्र एका रात्रीत आले आणि कलेचा घात झाला, असे जे चित्र रंगवले जाते, तेही पुरते खरे नाही. १९६१ साली '१०१ डाल्मेशियन्स' करताना डिस्नेने पेन्सिलीची रेषा झेरॉक्स यंत्राने थेट सेलवर उतरवली. एकशे एक कुत्र्यांच्या अंगावरचे ठिपके चौकटीमागून चौकट शाईने गिरवायचे, हे हाताला परवडणारे नव्हते. त्यामुळे शाईने रेषा गिरवणाऱ्या स्त्री-कलावंतांचे काम मात्र गेले. १९९० साली 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर'मध्ये रंगकामही संगणकावर गेले. १९९१च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधील नृत्यदालन संगणकाने उभे केले आणि त्यात नाचणारी जोडी हाताने काढली. म्हणजे ज्याला आपण हातचा काळ म्हणतो, त्यातही यंत्र टप्प्याटप्प्याने येतच होते. खरा घाव नंतर पडला. संगणकीय चित्रपटांना गल्ला मिळू लागला, तेव्हा व्यवस्थापकांनी त्याचे श्रेय कथेला न देता तंत्राला दिले. डिस्नेने २००४ साली 'होम ऑन द रेंज' प्रदर्शित केला, त्याच वर्षी फ्लोरिडातील आपला स्टुडिओ बंद केला. २००९ आणि २०११ साली दोन चित्रपटांच्या निमित्ताने हाताकडे परतण्याचा प्रयत्न झाला. त्यानंतर त्या संस्थेने हातचा पूर्ण लांबीचा चित्रपट आणलेला नाही.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. खरे सांगायचे तर तिच्यासाठीच आज इथे उभा आहे.

१९८३ साली युगो साको नावाचे जपानी निर्माते पुरातत्त्वज्ञ डॉ. बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी भारतात आले. त्या निमित्ताने त्यांची रामायणाशी ओळख झाली. ते इतके भारावले की, जपानी भाषेत रामायणाची जी जी रूपे मिळाली, ती त्यांनी वाचून काढली. हा विषय नटांकरवी नव्हे, तर अ‍ॅनिमेशननेच मांडता येईल, असे त्यांचे मत झाले. राम हा देव आहे, त्याला एखाद्या नटाच्या चेहऱ्यात बांधू नये, ही त्यांची भूमिका होती. विचार करण्याजोगी आहे ती.

आपल्याकडे काय झाले? विश्व हिंदू परिषदेने प्रारंभी आक्षेप नोंदवला. परकीय माणूस आपल्या राष्ट्रीय वारशाचे 'कार्टून' करणार, ही कल्पनाच अनेकांना सहन झाली नाही. हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे, कारण गैरसमज नंतर संवादाने दूर झाला, हेही तितकेच खरे आहे. मूळ दोष मला शब्दात दिसतो. कार्टून म्हणजे टवाळी, हे आपण गृहीत धरले होते. भारत सरकारबरोबर संयुक्त निर्मितीचा प्रयत्नही फळाला आला नाही. अखेर चित्रपट जपानमध्ये तयार झाला. साको आणि कोइची सासाकी यांच्यासह दिग्दर्शनात आपले राम मोहन होते. संगीत वनराज भाटियांचे.

राम मोहन यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात ते दाखल झाले. डिस्नेचे अनुभवी कलावंत क्लेअर वीक्स तेव्हा तिथे शिकवायला आले होते. वीक्स यांचा जन्म भारतातलाच. जातककथेवरचा 'द बनियन डियर' हा १९५७ सालचा लघुपट त्या शाळेचे फळ. पुढे १९७४ साली विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' आला. इथे बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींना त्यातली पाखरे आठवत असतील. ही परंपरा आपल्याकडे होती, तीही सरकारी खात्यात, तुटपुंज्या साधनांवर. राम मोहन यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली, २०१९ साली ते गेले.

'रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा' या चित्रपटाची लांबी एकशे पस्तीस मिनिटे. थोडा हिशेब करू. एकशे पस्तीस मिनिटांच्या एक लाख चौऱ्याण्णव हजार चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटी वापरले, तरी सत्त्याण्णव हजार चित्रे. सुमारे साडेचारशे कलावंतांनी एक लाखाच्या घरात चित्रे हाताने केली, असे सांगितले जाते, ते या हिशेबाशी जुळते. पण आकड्यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. धोतर कसे नेसतात, नमस्कार करताना हात छातीशी कसे येतात, वडिलांसमोर मुलगा कसा बसतो, हे जपानी चित्रकाराला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते राम मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समजावून द्यायचे आणि जपानी हाताने ते शिकून घ्यायचे. माणूस एखादी गोष्ट हजार वेळा काढतो, तेव्हा ती त्याच्या बोटांत उतरते. आपल्या नमस्काराची रीत परदेशातील चित्रकारांच्या बोटांत उतरली, हे या चित्रपटाचे मला वाटणारे मोल.

१९९०च्या दशकात हा चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत मोठ्या प्रमाणावर पोहोचला नाही. दूरचित्रवाणीमुळे मात्र एक पिढी त्यावर वाढली. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा, रावणाचा अमरीश पुरींचा. २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्याने झळाळी देऊन देशभर प्रदर्शित झाला. साको ते पाहायला नव्हते, २०१२ सालीच त्यांचे निधन झाले. मी सहकुटुंब गेलो होतो. वनवासातील अरण्याचे रंग मोठ्या पडद्यावर पाहताना शेजारची आजी नातवाला कथा सांगत होती आणि कोणी तिला गप्प करत नव्हते.

त्याच वर्षी, २५ जुलै रोजी, 'महावतार नरसिंह' आला. अश्विन कुमार यांचा हा चित्रपट संपूर्ण संगणकीय. त्याने तीनशे कोटी रुपयांहून अधिक व्यवसाय केला. भारतीय अ‍ॅनिमेशनपटाला असे यश पूर्वी कधी मिळाले नव्हते. प्रेक्षक चपला काढून चित्रपटगृहात बसल्याची दृश्ये आपण पाहिली. स्तंभ फुटून नरसिंह प्रकट होतो, तो प्रसंग संगणकानेच करावा. आयाळीचा एकेक केस, उडणारी धूळ, अग्नीचा प्रकाश अशा वर्णनाला तेच साधन शोभते. पण माझे एक मत नोंदवतो, कोणाला रुचो न रुचो. त्याच चित्रपटातील साध्या प्रसंगांत, जिथे पात्रे नुसती चालतात, बसतात, बोलतात, तिथे पावलाला जमिनीचे वजन जाणवत नाही. देव अवतरतो तेव्हा डोळे दिपतात. आई मुलाला जवळ घेते तेव्हा मात्र हात किंचित उशिरा पोहोचतो. दोष संगणकाचा नाही. ती सहा चित्रे काढून पाहण्याची सवय आमच्याकडे तुटली, त्याचा आहे.

ती कशी तुटली? चेन्नईत २००० साली 'पांडवाज : द फाइव्ह वॉरियर्स' हा संगणकीय चित्रपट झाला. २००५ साली व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा 'हनुमान' आला, तो द्विमितीतला, आणि घराघरांत पोहोचला. त्या दशकात आमच्या शहरांत अ‍ॅनिमेशन संस्थांचे पेव फुटले. परदेशी कंपन्यांची कामे येऊ लागली. कथा त्यांची, आराखडे त्यांचे आणि मधल्या अवस्था भरण्याचे काम आमच्या मुलांचे. रोजगार मिळाला, त्याला मी नावे ठेवणार नाही. परंतु मधल्या अवस्था भरणारा हात वर्षानुवर्षे तेच करत राहिला, तर प्रमुख अवस्था काढायला तो कधी शिकणार? आणि नेमके मधल्या अवस्था भरण्याचेच काम यंत्र आता हिरावून घेत आहे.

जपानकडे पाहा. हायाओ मियाझाकी यांच्या घिबली स्टुडिओने संगणक नाकारला नाही. १९९७ सालच्या 'प्रिन्सेस मोनोनोके'त काही मिनिटांचे काम संगणकावर केले. पण २००८ साली 'पोन्यो' करताना समुद्राची लाटन् लाट हाताने काढली. त्या चित्रपटाला एक लाख सत्तर हजार चित्रे लागली. २०२३ सालचा 'द बॉय अँड द हेरॉन' ऐंशी ओलांडलेल्या मियाझाकींनी केला आणि २०२४ साली त्याला ऑस्कर मिळाले. स्पेनच्या सर्जिओ पाब्लोस यांनी २०१९च्या 'क्लाउस'मध्ये आकृत्या हाताने काढल्या आणि प्रकाश संगणकाने टाकला. मुंबईत, जे. जे.मध्येच शिकलेल्या गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ' त्याच वर्षीचा, चौकट चौकट रंगवलेला. हे लोक संगणकाला साधन म्हणून शेजारी बसवतात, खुर्ची देत नाहीत.

मार्च २०२५ मध्ये आपल्यापैकी अनेकांनी आपले कौटुंबिक छायाचित्र कृत्रिम बुद्धिमत्तेकडून घिबली पद्धतीच्या चित्रात बदलून घेतले असेल. आमच्या घरीही झाले. सूनबाईंनी मला माझे चित्र दाखवले. डोळे मोठे, गाल गुलाबी, वयाने पंधरा वर्षे लहान! मला आवडले, खोटे कशाला बोलू? पण त्याच मियाझाकींना २०१६ साली यंत्राने शिकून घेतलेल्या हालचालींचे प्रात्यक्षिक दाखवले गेले, तेव्हा ते कमालीचे अस्वस्थ झाले होते. चालताना कष्ट पडणारा आपला एक अपंग स्नेही त्यांना आठवला. वेदना काय असते हे ज्याने पाहिले नाही, त्याने ती हालचाल दाखवावी, हे त्यांना सोसले नाही. गुलाबी गालांच्या चित्राकडे मी त्यानंतर पुन्हा पाहिलेले नाही.

भाच्याचे काय झाले, हे अनेकांच्या मनात असेल. त्याने वर्षभर नोकरी शोधली नाही. सकाळी सहाला तो रेल्वे स्थानकावर जाऊन बसत असे. हमाल, भाजीवाल्या, धावत गाडी पकडणारे कारकून यांची चित्रे तो काढत राहिला. कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन आला. तिथे ठाकर समाजाची मंडळी चित्रकथीच्या पोथीतील चित्र एकामागून एक समोर धरून रामायण-महाभारत सांगतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्या परंपरेसाठी पद्मश्री मिळाली. चित्र स्थिर असते, पण सांगणाऱ्याच्या आवाजाने ते हलते, असे मुलगा मला म्हणाला. आज तो एका स्टुडिओत आहे आणि काम संगणकावरच करतो. त्याच्या टेबलावर पेन्सिलींचा डबा असतो. पात्राची कोणतीही हालचाल संगणकात करण्याआधी तो ती कागदावर काढतो, कधी सहा चित्रांत, कधी चारांत. प्रमुख त्याला यावरून रागावतात, वेळ जातो म्हणून. मग काम पाहून गप्प बसतात.

आजचे भाषण इथे थांबवतो, कारण कार्यवाहांनी कृपापूर्वक पडदा लावला आहे. आपण दोन छोटे प्रसंग पाहणार आहोत. पहिला साकोंच्या 'रामायण'मधला, दुसरा भाच्याने स्वतः केलेला, जेमतेम चाळीस सेकंदांचा. त्यात एक वृद्ध बाई आहे, विहिरीचा काठ आहे आणि कळशी आहे. कृपया दिवे मालवावेत.